सेंटिमीटरमागचे पूर्णांक

मोकळ्या माळावर मोबाइलमधला जीपीएस आपली जागा तीन-चार मीटरच्या फरकाने सांगतो. सर्वेक्षकाचा रिसीव्हर तेच उपग्रह ऐकतो आणि एक-दोन सेंटिमीटरपर्यंत पोहोचतो. त्याची अँटेना चांगली असते, यंत्र महागही असते. पण खरे श्रेय गणिताचे आहे.

मोबाइलचे गणित तुलनेने सोपे. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर. संदेश निघाल्या-पोचल्याच्या वेळेतील फरकाला प्रकाशाच्या वेगाने गुणले की अंतर मिळते. मात्र घड्याळ एका मायक्रोसेकंदाने चुकले तरी ३०० मीटरची चूक होते. म्हणून तीन निर्देशकांबरोबर रिसीव्हरच्या घड्याळाची चूक हेही चौथे अज्ञात धरावे लागते, आणि त्यासाठी किमान चार उपग्रह लागतात. जास्त दिसले तर समीकरणे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. तिथे लजांद्रने १८०५ मध्ये प्रसिद्ध केलेली लघुतम वर्गांची पद्धत आजही कामाला येते.

सेंटिमीटर गाठायला संदेश वाहून नेणारी लहरच मोजावी लागते. १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या या लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर, आणि रिसीव्हर तिचा अंश काही मिलिमीटरपर्यंत वाचतो. अडचण एवढीच की सगळ्या लहरी सारख्या दिसतात. शेवटच्या लहरीचा अंश कळतो, मधल्या दहा कोटींहून अधिक पूर्ण लहरींची नेमकी संख्या कळत नाही. माहीत असलेल्या बिंदूवर दुसरा रिसीव्हर ठेवून दोघांच्या, दोन-दोन उपग्रहांकडच्या मोजमापांची वजाबाकी केली की घड्याळांच्या चुका निघून जातात. तरी अज्ञात पूर्णांक उरतातच.

उत्तरे आधी अपूर्णांकात येतात. प्रत्येक अपूर्णांक जवळच्या पूर्णांकाला नेऊन सोडला तर उत्तर बहुधा चुकते, कारण त्यांच्या चुका एकमेकींत गुंतलेल्या असतात. शक्यतांचे क्षेत्र लांबलचक सुईसारखे होते आणि त्यात योग्य बिंदू शोधायला फार वेळ जातो. डेल्फ्टचे पीटर ट्युनिसेन यांनी १९९३ मध्ये यावर 'लॅम्डा' पद्धत मांडली. पूर्णांकांना पूर्णांकच ठेवणारे रूपांतर वापरून त्यांनी ती सुई जवळजवळ गोल केली. मग शोध क्षणार्धात होतो. मला ही या क्षेत्रातली सर्वांत देखणी कल्पना वाटते: नवा उपग्रह नाही, नवे मोजमाप नाही, फक्त प्रश्न दुसऱ्या बाजूने मांडला.

पूर्णांक पक्के झाले की सर्वेक्षक म्हणतात 'फिक्स आला'. तोवर उत्तर 'फ्लोट'. आणि चुकीचा पूर्णांक पक्का झाला, तर पडदा सेंटिमीटरच दाखवतो, प्रत्यक्षात जागा मात्र कित्येक सेंटिमीटर सरकलेली असते. आपल्या अक्षांशांवर सूर्यास्तानंतर आयनांबर खवळते, तेव्हा हा धोका वाढतो.

महाराष्ट्रात जमीन मोजणीसाठी आता असेच फिरते रिसीव्हर, म्हणजे 'रोव्हर', वापरले जातात. तुमच्या बांधावर मोजणी होईल तेव्हा दोनच गोष्टी विचारा: उत्तर फिक्स आहे का, आणि तोच बिंदू थोड्या वेळाने पुन्हा मोजून पाहिला का.