गच्चीवरचा एसी : चालतो म्हणजे सुरक्षित आहे का?

मंगल कार्यालय, छोटं रुग्णालय, बँकेची शाखा, कापडाचं मोठं दुकान... अशा इमारतींच्या गच्चीवर पत्र्याचं एक भलंमोठं खोकं घरघरत असतं. हा पॅकेज्ड एसी. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, थंडावा देणारी कॉइल, पंखे आणि काही मॉडेलांत हीटरसुद्धा एकाच पेटीत. हवा डक्टमधून खाली जाते. गॅसचे जोड कारखान्यातच होऊन येतात, त्यामुळे जागेवर करायच्या कामात वायरिंगचा वाटा मोठा असतो आणि नेमकं तेच काम घाईत उरकलं जातं. उद्घाटनाची तारीख ठरलेली, क्रेनवाला भाडं मोजत उभा, अशा वेळी ‘आधी चालू तर करा’ हाच मंत्र. मग खोकं गार हवा फेकायला लागतं आणि सगळे निश्चिंत होतात. पुढचे बहुतेक गैरसमज या निश्चिंतीतूनच जन्मतात.

गैरसमज १ : एसी मस्त गार करतोय, म्हणजे वायरिंग बरोबर आहे.

वस्तुस्थिती : गार करायला फेज लागतात, अर्थिंग लागत नाही. अर्थची वायर जोडलीच नाही तरी एसी तितकाच गार करेल, बिलही तितकंच येईल. उणीव कळेल ती मोटरच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन फाटून पत्र्यात करंट उतरेल आणि ओल्या गच्चीवर कुणाचा तरी हात त्या पत्र्याला लागेल तेव्हा. सुरक्षेसाठी बसवलेले भाग बिघाड होईपर्यंत कामाला लागतच नाहीत. म्हणून ते आहेत का आणि चालतात का, हे मुद्दाम तपासावं लागतं.

ही तपासणी टेस्टरचा दिवा लावून होत नाही. अर्थची वायर पेटीपासून मुख्य बोर्डापर्यंत सलग आहे का, हे मीटरने बघायचं. केबलचं इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरने मोजायचं. रीडिंग १ मेगओमच्या खाली असेल तर ती केबल चालू करायची नाही. मात्र मेगर लावण्याआधी यंत्रातलं इलेक्ट्रॉनिक कार्ड आणि इन्व्हर्टर ड्राइव्ह सोडवून ठेवायला हवेत, नाहीतर तपासणीतच कार्ड जळतं.

गैरसमज २ : ‘किती टनाचा?’ एवढं कळलं की वायर ठरते.

वस्तुस्थिती : टन हे उष्णता वाहून नेण्याचं माप आहे, विजेचं नाही. १ टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट उष्णता. १० टनाचा एसी आतली ३५ किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो, पण त्यासाठी वीज घेतो त्याच्या साधारण एक तृतीयांश. समजा त्याने ११.५ किलोवॅट घेतले आणि पॉवर फॅक्टर ०.८५ धरला, तर ४१५ व्होल्टच्या थ्री फेजवर प्रत्येक फेजमधून सुमारे १९ अँपिअर वाहतात. त्याच टनाचं दुसरं मॉडेल कमी किंवा जास्त घेऊ शकतं. खरा आकडा यंत्राच्या नेमप्लेटवर असतो. तिथे कमाल करंट दिलेला असेल, तर हिशोब त्यावरून करायचा.

वायरच्या जाडीला आणखी दोन गोष्टी लागू होतात. पहिली उष्णता. साध्या पीव्हीसी इन्सुलेशनच्या आतली तार ७० अंशांपर्यंतच तापू द्यायची असते. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे सावलीतला पारा ४५ च्या पुढे जातो. उन्हात तापलेल्या पाइपात त्याहून जास्त. म्हणजे करंट सुरू होण्याआधीच निम्म्याहून अधिक मुभा संपलेली असते. तक्त्यात लिहिलेली क्षमता अशा ठिकाणी कमी धरावी लागते.

दुसरी गोष्ट लांबी. तळमजल्यावरच्या मीटररूमपासून गच्चीपर्यंत ६० मीटर केबल असेल आणि ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून २५ अँपिअर नेले, तर वाटेतच जवळजवळ १२ व्होल्ट पडतात. मुळात व्होल्टेज कमी असलेल्या भागात मोटरसाठी ही घट जड जाते. व्होल्टेज कमी झालं की मोटर जास्त करंट ओढते आणि आणखी तापते.

गैरसमज ३ : हीटर आणि कूलिंग एका वेळी चालत नाहीत, म्हणून दोहोंपैकी मोठा लोड धरला की पुरे.

वस्तुस्थिती : हे यंत्रावर आणि वापरावर अवलंबून आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये हवा फक्त गार नको असते, कोरडीही हवी असते. त्यासाठी हवा आधी बरीच थंड करून तिच्यातलं पाणी काढतात आणि मग हीटरने तापमान योग्य पातळीवर आणतात. इथे कॉम्प्रेसर आणि हीटर एकत्र चालतात. उलट्या चक्राने गरम हवा देणाऱ्या काही यंत्रांतही कडाक्याच्या थंडीत जोडीला हीटर लागतो. वरच्याच १० टनाच्या यंत्राला ९ किलोवॅटचा हीटर जोडला तर त्याचे साडेबारा अँपिअर वाढून एकूण करंट ३० च्या घरात जातो. शिवाय पंखा बंद पडला तर हीटर आपोआप बंद झाला पाहिजे. हवेचा प्रवाह ओळखणारा स्विच आणि जादा तापमानाला तोडणारा थर्मोस्टॅट ‘सारखे ट्रिप होतात’ म्हणून बायपास करणं म्हणजे डक्टमध्ये आग ठेवणं.

गैरसमज ४ : एमसीबी सारखा पडतो, मोठा टाकला की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : एमसीबी मुख्यतः केबलला वाचवण्यासाठी असतो. २५ अँपिअर सोसणाऱ्या केबलवर ४० चा एमसीबी बसवला, तर केबलमधून ३५ अँपिअर तासन्‌तास वाहिले तरी तो हलणार नाही. इन्सुलेशन मात्र मऊ होत, भाजत राहील.

एमसीबी का पडतो, हे आधी शोधायचं. मोटर थेट सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच ते सात पट करंट घेते. बी प्रकारचा एमसीबी तीन ते पाच पटीलाच तात्काळ तुटतो. तिथे सी किंवा डी प्रकार लागतो, अँपिअर तेवढेच ठेवून. कधी एमसीबीची पेटीच उन्हात असते आणि तापलेला एमसीबी लवकर पडतो. कधी कंडेन्सर धुळीने बुजलेला असतो आणि कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो. आणि बऱ्याचदा दोष एका सैल स्क्रूचा असतो. २० अँपिअरच्या जोडात फक्त ०.१ ओमचा अडथळा आला, तरी तिथे ४० वॅट उष्णता तयार होते. मोबाइल दुरुस्तीवाल्याच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीइतकी उष्णता, तीही प्लास्टिकच्या टर्मिनलवर, दिवसभर. अ‍ॅल्युमिनियमची केबल तांब्याच्या टर्मिनलला नुसती कसली की असेच जोड तापतात. तिथे दोन धातूंसाठी बनवलेला लगच हवा, आणि तो हातोडीने चेपून नव्हे, क्रिंपिंग टूलने दाबून.

गैरसमज ५ : खड्डा केला, मीठ-कोळसा टाकला, पाणी ओतलं. अर्थिंग झालं.

वस्तुस्थिती : हा सर्वांत धोकादायक गैरसमज आहे, म्हणून आकडे मांडून पाहू. समजा तुमच्या खड्ड्याचा रोध ८ ओम आणि ट्रान्सफॉर्मरकडच्या अर्थिंगचा २ ओम. पत्र्याला फेज चिकटला. बिघाडाचा करंट मातीतून फिरून परत जाणार. २३० भागिले १० म्हणजे फक्त २३ अँपिअर. ३२ अँपिअरचा एमसीबी हे २३ अँपिअर निमूटपणे वाहू देईल, कारण त्याच्या लेखी हा साधा लोड आहे. तेवढा वेळ पेटीच्या पत्र्यावर जमिनीच्या तुलनेत १८४ व्होल्ट राहतील. खड्डा आहे, मीठ आहे, कोळसाही आहे, आणि पत्रा जिवंत आहे.

म्हणून दोन गोष्टी लागतात. पहिली, बिघाडाचा करंट मातीच्या भरवशावर न ठेवता परत नेणारी सलग धातूची वाट. वीजपुरवठ्यासोबत अर्थ टर्मिनल मिळालेलं असेल, तर पेटीपासून तिथपर्यंत पुरेशा जाडीची वायर पोचायला हवी. थ्री फेजच्या स्थिर मोटरच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र जोडण्यांनी अर्थ करणं आपल्या नियमांनुसार बंधनकारक आहे. त्यातली एक गंजली तरी दुसरी उरते. कोकणात आणि गोव्याच्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेने अर्थचा स्क्रू किती लवकर खाल्ला जातो, हे तिथला प्रत्येक वायरमन सांगेल.

दुसरी, आरसीसीबी. जाणारा आणि परतणारा करंट यांतला फरक तो पकडतो. त्यामुळे मातीत गळणारे २३ अँपिअर तर सोडाच, काही मिलिअँपिअरही त्याला पुरतात. माणसाच्या संरक्षणासाठी ३० मिलिअँपिअरचा वापरतात. मोठ्या यंत्राची मुळातली गळती जास्त असते, तिथे जास्त मिलिअँपिअरचा निवडतात, पण मग अर्थिंगमध्ये कसर चालत नाही. इन्व्हर्टरच्या यंत्राला साधा ‘टाइप एसी’ आरसीसीबी पुरत नाही, उत्पादकाने सांगितलेला प्रकारच घ्यावा. साधा आरसीसीबी ओव्हरलोडला तुटत नाही, म्हणून सोबत एमसीबी हवाच. त्यावरचं टेस्ट बटण अधूनमधून दाबा, पण त्याने फक्त आरसीसीबी तपासला जातो, अर्थिंग नाही.

मीठ-कोळशाच्या गैरसमजाचा जुळा भाऊ म्हणजे ‘अर्थ नाही ना, मग न्यूट्रलला जोडून टाक’ हा गच्चीवरचा तोडगा. मागे कुठे न्यूट्रल तुटला की पेटीचा अख्खा पत्रा फेजच्या पातळीवर येतो. एरवी निर्धोक असलेलं यंत्र या एका तारेने जीवघेणं होतं.

गैरसमज ६ : थ्री फेजमध्ये कुठलीही वायर कुठेही लावा.

वस्तुस्थिती : दोन फेज अदलाबदल झाले की मोटर उलटी फिरते. स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा फिरला तर गॅस दाबला जात नाही, विचित्र आवाज येतो आणि तो तापून बिघडतो. बाहेरच्या लाइनची दुरुस्ती झाल्यावरही फेजचा क्रम बदललेला असू शकतो. एक फेज गेला, तर उरलेल्या दोन फेजवर मोटर जास्त करंट ओढत राहते. फेजचा क्रम आणि फेजची गैरहजेरी दोन्ही ओळखणारा रिले या दोन्ही संकटांवर उपाय आहे. अनेक यंत्रांत तो आधीच असतो, नसेल तर बसवून घ्यावा.

गैरसमज ७ : थर्मोस्टॅट बंद केला म्हणजे यंत्र बंद.

वस्तुस्थिती : त्याने फक्त आदेश थांबतो, वीज आतच राहते. अनेक यंत्रांत कॉम्प्रेसरच्या तळाशी तेल कोमट ठेवणारा छोटा हीटर असतो आणि तो कॉम्प्रेसर थांबलेला असतानाच चालतो. म्हणून पेटीच्या जवळ, नजरेच्या टप्प्यात, कुलूप लावता येईल असा, पाऊस सोसणारा आयसोलेटर, म्हणजे वीज पूर्ण तोडणारा स्विच हवा. गच्चीवर मेकॅनिकचा हात आत असताना तळमजल्यावर कुणी स्विच वर करू नये, यासाठीच ते कुलूप. वीज तोडल्यावरही लगेच झाकण उघडायचं नाही. थ्री फेज इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये ५८० व्होल्टच्या आसपास दाब शिल्लक असतो. पुस्तिकेत लिहिलेली मिनिटं थांबायचं आणि मीटरने खात्री करूनच हात घालायचा.

गैरसमज ८ : पेटी बाहेरच ठेवायची म्हणून बनवलीय, पावसाचं काय?

वस्तुस्थिती : पेटी पावसासाठी बनलेली असते, तुम्ही पाडलेलं भोक नव्हे. केबल खालून किंवा बाजूने, योग्य मापाच्या ग्लँडमधून आत घ्यावी आणि आत शिरण्याआधी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जातं. ग्लँड नसेल तर पत्र्याची कड कंपनाने इन्सुलेशन कापत राहते, आणि त्या भोकातून पाली-मुंग्याही आत शिरतात.

हे काम कोणी करायचं, हेही ठरलेलं आहे. परवानाधारक विद्युत ठेकेदाराने आणि पात्रता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली. एसी विकणाऱ्याचा माणूस ‘तेवढं मीच जोडून देतो’ म्हणाला तरी परवाना विचारा. शेवटचं बिल चुकतं करण्याआधी काम करणाऱ्याकडून एका कागदावर पाच गोष्टी लिहून घ्या : नेमप्लेटवरचा कमाल करंट, केबलची जाडी आणि लांबी, एमसीबी-आरसीसीबीचा प्रकार आणि अँपिअर, मेगरचं रीडिंग, अर्थिंगचं रीडिंग. ज्याने ही मापं घेतली आहेत, त्याला ती लिहून द्यायला दहा मिनिटं लागतात. जो टाळाटाळ करेल, त्याने ती घेतलेलीच नाहीत असं समजा आणि पैसे रोखून धरा.