लाइट जाण्याआधी

मे महिन्याची दुपार. गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या, अंगाची लाही लाही झालेली, आणि एकाएकी धुळीचा लोट उठतो. जळगाव-धुळ्याकडच्या गृहिणीला हे नवे नाही. याच वाऱ्याने रावेर-यावलकडच्या केळीबागा आडव्या होतात, झाडे तारांवर पडतात आणि घरातला पंखा थांबतो. भुसावळजवळ दीपनगरचे एवढे मोठे वीजकेंद्र, पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा!

मैत्रिणींनो, दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे संध्याकाळी गेलेली लाइट दुसऱ्या दिवशी दुपारी आली. मेणबत्ती सापडली, तर काडेपेटी सापडेना. ते हसण्यावारी गेले. पण सासूबाईंचे इन्शुलिन फ्रिजमध्ये होते, आणि "गार आहे ना अजून?" म्हणत मी घडीघडी फ्रिज उघडत होते. नेमकी तीच चूक! दार न उघडता फ्रिज साधारण ४ तास गार राहतो. आता डॉक्टरांना विचारून सोय केली आहे. औषध घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा कोऱ्या मडक्यात आणि मडक्याभोवती ओले फडके. माठातले पाणी गार होते तीच ही युक्ती. फडके मात्र सुकू द्यायचे नाही. तुमच्या घरी असे औषध असेल तर आजच विचारून ठेवा.

पाण्याचेही तसेच. जळगावला वाघूर धरणाचे, धुळ्याला तापीचे पाणी येते ते पंपांच्या जोरावर. वीज गेली की पाण्याची पाळीही लांबते. म्हणून पिण्याच्या पाण्याचे एक पिंप वेगळे, झाकलेले असावे. पिठाची गिरणीही बंद पडते, तेव्हा चार दिवसांचे पीठ घरात हवे. मिक्सर नसला तर खलबत्ता आहेच. कळण्याची भाकरी आणि ठेचा पानात पडला की कुणाची तक्रार राहत नाही, बरं का!

आता जिवाचे. वीज चमकली की आकडे मोजा. ३० च्या आत गडगडाट ऐकू आला तर ती १० किलोमीटरच्या आत आहे. कुरडया भिजल्या तर भिजू द्या, पण तुम्ही खाली या. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गच्चीवर जाऊ नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' हे ॲप मोबाइलवर घेतले तर आधीच इशारा मिळतो.

आणि कपडे वाळत घालायची ती लोखंडी तार! पत्र्याच्या शेडला बांधलेली असते. कुठल्या सैल वायरचा स्पर्श झाला की ओल्या कपड्यांना हात लावणारी बाईच आधी सापडते. ती काढून नायलॉनची दोरी बांधा. रस्त्यात तुटलेली तार दिसली तर काठीनेसुद्धा सरकवू नका. मुलांना लांब ठेवा आणि १९१२ वर कळवा.

हे सारे जमले की नाही, ते कळायला सोपा उपाय आहे. एखाद्या संध्याकाळी मुद्दाम मेन स्विच बंद करा. बॅटरी, काडेपेटी, औषध अंधारात हाताला लागले तर तयारी झाली. नाही लागले, तरी बिघडले कुठे? वादळ यायला अजून वेळ आहे.