नकोशा ईमेलची निंदणी

गव्हातील गुल्लीदंडा हे तण फुलोऱ्यापूर्वी गव्हासारखेच दिसते. घाईने निंदणी केल्यास पीकही उपटले जाते. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाला परिचित असलेला हा पेच शास्त्रज्ञांच्या ईमेलपेटीतही पडतो.

पॉल ग्रॅहम यांनी 2002 मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक शब्द नकोशा आणि हव्याशा टपालात किती वेळा आढळतो, यावरून संदेश नकोसा असण्याची संभाव्यता काढली जाते. लॉटरीचे आमिष अशा गाळणीत सहज अडकते. परंतु शुल्क घेऊन कोणताही लेख छापणारी नियतकालिके ‘हस्तलिखित’, ‘समीक्षा’, ‘कीटकशास्त्र’ हेच शब्द वापरतात. तेथे शब्दांवर विसंबणारी गाळणी गोंधळते. एसपीएफ आणि डीकेआयएम या तपासण्या संदेश खरोखर त्या डोमेनवरून आला का, एवढेच सांगतात. फसवे नियतकालिक स्वतःच्या डोमेनवरून लिहीत असेल, तर ते दोन्ही कसोट्या बिनदिक्कत पार करते!

असे संदेश नुसते न पुसता ‘स्पॅम’ म्हणून नोंदवावेत. गाळणी त्यातूनच शिकते. मात्र सुटलेला नकोसा संदेश केवळ त्रास देतो, तर अडकलेला कामाचा संदेश नुकसान करतो. कीड-नमुन्याच्या ओळखीचे उत्तर स्पॅममध्ये गेले, तर फवारणीची वेळ निघून जाते. जीमेल स्पॅममधील टपाल 30 दिवसांनी कायमचे पुसते. हंगामात ती पेटी रोज चाळावी, एरवी आठवड्यातून एकदा पुरे. विषयगटाच्या सामायिक पत्त्यावर अनोळखी प्रेषकाचा संदेश परस्पर नाकारू नये. तो संचालकाच्या संमतीसाठी थांबवून ठेवावा.