घाबरलेल्या कुत्र्याला पलंगाखालीच राहू द्या

दिवाळीत आमच्या सरकारी रुग्णालयात फटाक्यांनी भाजलेले रुग्ण येतात, हे सर्वांनाच ठाऊक आहे. त्याच रांगेत कुत्रा चावलेली मुलेही असतात आणि त्यांतल्या काहींना घरचाच कुत्रा चावलेला असतो. मागे लक्ष्मीपूजनाच्या रात्री आठ वर्षांचा एक मुलगा हाताला फडके गुंडाळून आला. फटाक्यांच्या आवाजाने कुत्रा पलंगाखाली शिरला होता. मुलाने त्याला पट्टा धरून बाहेर ओढले. "डॉक्टर, पाच वर्षांत कधी साधा गुरगुरलासुद्धा नाही हो," आई सांगत होती. तिचे खरेच होते. कुत्रा चिडका नव्हता, भेदरलेला होता.

माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंतचे, मांजराला त्याहूनही वरचे. शिवाय हा धडाका कशाचा, कधी थांबणार, हे त्यांना कळत नाही. छाती धडधडते, धाप लागते, लाळ गळते, अंग थरथरते. प्राणी आधी पळायला बघतो. पळायची वाट बंद झाली की चावतो.

म्हणून त्याची लपण्याची जागा त्याचीच राहू द्या. आतल्या खोलीत गोधडी आणि पाणी ठेवा, खिडक्या-पडदे लावा, टीव्ही किंवा पंखा चालू ठेवा. फिरवणे आणि जेवण फटाके सुरू होण्यापूर्वी उरका. पाहुण्यांच्या ये-जा करण्यात दार उघडे राहणार नाही, हे पाहा. गळपट्ट्यावर तुमचा फोन नंबर असू द्या. मांजर माळ्यावर जाऊन बसले तर तिथेच बसू द्या. कुत्रा आपणहून जवळ आला तर खुशाल थोपटा. लाड केल्याने भीती वाढते, हा गैरसमज आहे. रागावू मात्र नका.

"झोपेची अर्धी गोळी देऊ का?" असे मला दरवर्षी कुणीतरी विचारते. देऊ नका. माणसांची औषधे प्राण्यांना चालतीलच असे नाही. साधी पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. काही गुंगीच्या औषधांनी प्राणी निपचित पडतो, पण आतली भीती तशीच राहते. कुत्रा फारच घाबरत असेल तर दिवाळीपूर्वीच पशुवैद्यांना भेटा. फराळाचेही तसेच. चॉकलेट, मनुका-बेदाणे, कांदा-लसूण घातलेला चिवडा त्यांच्यापासून दूर ठेवा.

इतके करूनही दात लागलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच रात्री रुग्णालयात या. "आमच्या कुत्र्याला लस दिलेली आहे" म्हणून घरीच निर्णय घेऊ नका. कुत्र्याच्या लसीचे कार्ड सोबत आणा, पुढचे डॉक्टर ठरवतील. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही. वेळेवर जखम धुतली आणि लस घेतली तर हा आजार टाळता येतो. जखम खोल असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. चावलेल्या कुत्र्याला मारू नका, हाकलूही नका. तो १० दिवस डोळ्यांसमोर राहणे तुमच्याच हिताचे आहे.

त्या मुलाने सगळे डोस वेळेवर घेतले. शेवटच्या डोसाला, २८व्या दिवशी, तो आला तेव्हा जखम भरली होती. सुईकडे न बघता त्याने विचारले, "डॉक्टरकाका, बाबा त्याला कुठेतरी सोडून येणार नाहीत ना?" मी वडिलांकडे पाहिले. ते म्हणाले, "नाही रे. पुढच्या दिवाळीला तू फक्त त्याला ओढू नकोस."