लिनक्स कर्नेलमधील पॅच सादरीकरण

लिनक्स कर्नेलमधील पॅच सादरीकरण म्हणजे लिनक्स या मुक्त स्रोत कर्नेलच्या सोर्स कोडमध्ये सुचवायचा बदल तयार करणे, तो ठरावीक स्वरूपात देखभालकर्त्यांकडे पाठवणे आणि मुख्य कोडमध्ये समाविष्ट होईपर्यंत त्याचा पाठपुरावा करणे, ही प्रक्रिया होय. अशा प्रत्येक बदलाला पॅच म्हणतात. पॅच कोणीही पाठवू शकतो. मात्र स्वीकारलेल्या बदलाची देखभाल पुढे अनेक वर्षे इतरांना करावी लागते. म्हणून बदल का केला आणि तो बरोबर कसा, हे लेखकाला न ओळखणाऱ्या वाचकालाही पडताळता यावे, अशी या प्रक्रियेची रचना आहे.

इतिहास

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्सची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. सुरुवातीच्या काळात प्रोग्रामर आपले बदल ई-मेलने पाठवत. दोन फाइलींमधील फरक दाखवणारा ‘डिफ’ आणि तो फरक दुसऱ्या प्रतीवर लागू करणारा, लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये लिहिलेला ‘पॅच’ हे दोन प्रोग्राम या पद्धतीचा पाया होते. २००२ पासून बिटकीपर ही आवृत्ती नियंत्रण प्रणाली वापरात आली. तिचा विनामूल्य वापर २००५ मध्ये बंद झाल्यावर टोरवाल्ड्स यांनी गिट तयार केली. त्यानंतरही साध्या मजकुराच्या ई-मेलने पॅच पाठवण्याची प्रथा कायम राहिली.

पूर्वतयारी

एका पॅचमध्ये एकच तार्किक बदल असावा, हा मूलभूत नियम आहे. एखाद्या ड्रायव्हरमधील दोष दुरुस्त करताना त्याच पॅचमध्ये चलांची नावे व ओळींची मांडणीही बदलली, तर मूळ दुरुस्ती नेमकी कोठे आहे हे परीक्षकाला शोधत बसावे लागते. मोठा बदल पॅचमालिकेत विभागतात आणि मालिकेतील प्रत्येक पॅचनंतर कर्नेल कंपाइल होऊन चालले पाहिजे, अशी अट असते. एखादा दोष कोणत्या बदलामुळे आला हे शोधताना गिटची ‘बायसेक्ट’ ही आज्ञा बदलांचा इतिहास पुन्हापुन्हा निम्मा करत जाते. मधली एखादी अवस्था कंपाइलच झाली नाही, तर हा शोध अडतो.

कोडच्या मांडणीचे संकेत ठरलेले आहेत. उदाहरणार्थ, टॅबची रुंदी ८ स्तंभ असते. ‘चेकपॅच’ ही स्क्रिप्ट मांडणी तपासते, तर ‘गेट मेंटेनर’ ही स्क्रिप्ट पॅच कोणाकडे पाठवावा हे सांगते.

बदलाचे विवरण

पॅचच्या शीर्षकात उपप्रणालीचे नाव व बदलाचा सारांश असतो. त्याखालील मजकुरात समस्या कोणती, तिचा वापरकर्त्यावर काय परिणाम होतो आणि निवडलेला उपाय योग्य का, हे क्रमाने लिहितात. वेग वाढल्याचा दावा असल्यास मोजमापाचे आकडे अपेक्षित असतात. विवरण आज्ञार्थी लिहावे, असा संकेत आहे. आधीच्या बदलातील दोष दुरुस्त केला असल्यास ‘फिक्सेस’ या ओळीत त्या बदलाच्या ओळखक्रमांकाची पहिली १२ अक्षरे आणि शीर्षक देतात.

सही

पॅचच्या शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ या शब्दांपुढे लेखकाचे नाव व ई-मेल पत्ता असतो. हा कोड मुक्त परवान्याखाली देण्याचा आपल्याला अधिकार आहे, असे या ओळीद्वारे लेखक जाहीर करतो. एससीओ ग्रुप या कंपनीने २००३ मध्ये आयबीएमविरुद्ध केलेल्या दाव्यामुळे लिनक्समधील कोडच्या मालकीविषयी प्रश्न उपस्थित झाले. त्या पार्श्वभूमीवर २००४ मध्ये ही पद्धत सुरू झाली. पॅच पुढे पाठवणारा प्रत्येक देखभालकर्ताही आपली सही जोडतो. त्यामुळे कोणता बदल कोणाच्या हातून आला, याची साखळी उपलब्ध राहते.

परीक्षण आणि स्वीकृती

परीक्षक मूळ मजकुराच्या ओळींखाली आपले अभिप्राय लिहितात. लेखकाने प्रत्येक अभिप्रायाला उत्तर द्यावे आणि सुधारित पॅचला नवा आवृत्ती क्रमांक द्यावा, असा शिष्टाचार आहे. उत्तर न आल्यास किमान एक आठवडा थांबून स्मरणपत्र पाठवतात. पसंत पडलेल्या पॅचला परीक्षक व चाचणी करणारे आपल्या नावाची ओळ जोडतात.

स्वीकारलेला पॅच प्रथम उपप्रणालीच्या शाखेत जातो. तेथून तो ‘लिनक्स-नेक्स्ट’ या एकत्रित शाखेत इतर बदलांसह तपासला जातो. नवी वैशिष्ट्ये टोरवाल्ड्स सुमारे दोन आठवड्यांच्या ‘मर्ज विंडो’ या काळातच मुख्य कोडमध्ये घेतात. त्यानंतरच्या आठवड्यांत प्रामुख्याने दोषदुरुस्ती होते व साधारण ९ ते १० आठवड्यांनी नवी आवृत्ती प्रसिद्ध होते.

विश्वासाचा प्रश्न

परीक्षण काटेकोर असले, तरी पाठवणारा प्रामाणिक आहे हे त्यात गृहीत असते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी एका अभ्यासासाठी मुद्दाम सदोष पॅच पाठवले होते. ते मुख्य कोडमध्ये पोहोचले नाहीत. तरीही पूर्वकल्पना न देता परीक्षकांवर प्रयोग केल्याबद्दल तीव्र टीका झाली. एप्रिल २०२१ मध्ये देखभालकर्ते ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे बदल थांबवले. संशोधकांनी माफी मागून शोधनिबंध मागे घेतला. या प्रकरणामुळे विद्यापीठातून पूर्वी आलेले, बहुतांशी निर्दोष ठरलेले ४०० हून अधिक बदल देखभालकर्त्यांना पुन्हा तपासावे लागले.