आजाराचे मूळ मातीत, पण मातीच्या अभ्यासकाला बळ कोण देणार?

डिसेंबर २०२४च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत एक विचित्र तक्रार सुरू झाली. डोक्याला खाज सुटायची, दोन-तीन दिवसांत केस मुठीने हाती यायचे आणि आठवडाभरात टक्कल पडायचे. लहान मुले, बायाबापड्या, तरुण, कोणीच सुटले नाही. आधी शाम्पूकडे बोट दाखवले गेले, मग बुरशीकडे, मग पाण्याकडे. पाण्यात नायट्रेट आणि क्षार जास्त आढळले, पण तेवढ्याने असे केस गळत नाहीत.

पुढे पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गावांत जाऊन नमुने घेतले. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम खूप वाढलेले आणि जस्त कमी असल्याचा निष्कर्ष त्यांनी मांडला. रेशनवर आलेल्या, पंजाबकडच्या गव्हातून हे सेलेनियम आले असावे, असे त्यांचे म्हणणे होते.

सेलेनियम हे विष नव्हे. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ४० ते ५५ मायक्रोग्रॅम सेलेनियम लागतेच. मात्र रोज ४०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त जात राहिले, तर केस गळणे, नखे ठिसूळ होणे, श्वासाला लसणासारखा वास येणे अशी लक्षणे दिसू शकतात. चीनच्या हुबेई प्रांतातील एन्शी भागात १९६०च्या दशकात माणसांचे केस आणि नखे अशीच गळून पडली होती. त्याच देशात सेलेनियम फार कमी असलेल्या जमिनींच्या पट्ट्यात केशान नावाचा हृदयविकार आढळला. दोन्ही ठिकाणी रुग्ण डॉक्टरांकडे आले, पण उत्तर जमिनीत होते.

आता खरा प्रश्न. पंजाबच्या काही भागांतील जमिनीत सेलेनियम जास्त आहे, हे आधी कोणाला ठाऊक होते? लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातील मृदशास्त्रज्ञांना. शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी असलेल्या नवांशहर आणि होशियारपूर जिल्ह्यांतील काही गावांत जनावरांचे केस आणि खूर गळत होते. त्यामागची माती त्यांनी १९८०च्या दशकापासून तपासली. हवा खेळती असलेल्या, अल्कधर्मी जमिनीत सेलेनियम पाण्यात सहज विरघळणाऱ्या रूपात राहते आणि पीक ते भराभर उचलते, हे या अभ्यासाचे मर्म. तेव्हा कोणी त्या मातीमागे लागले नसते, तर आज बुलढाण्यातील टक्कल आणि पंजाबचा गहू यांचा संबंध कोणाला सुचलाही नसता.

बुलढाण्याची स्वतःची माती तर याहून मोठा प्रश्न विचारते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरला आहे. सुमारे नऊशे गावे त्यात येतात. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हे तालुके या पट्ट्याशी जोडलेले आहेत. इथे भूजल खारे आणि जमिनीत सोडियम जास्त. अशी माती पाण्याने फुगते, तिची छिद्रे बुजतात, पाणी मुरत नाही आणि मुळे गुदमरतात. विहीर असूनही ओलित करता येत नाही. या तालुक्यांत मूत्रपिंडाच्या रुग्णांची चर्चा अनेक वर्षे आहे. पाणी, माती, ऊन, औषधे यांपैकी कशाचा वाटा किती, हे ठरवायला गावोगावची पद्धतशीर मोजणी लागते.

ती करणार कोण? मृद आरोग्य पत्रिका २०१५ पासून मिळते, पण तिच्यावर १२ निकष असतात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. सेलेनियम त्यात नाही. सोडियमची वेगळी नोंदही नाही. पत्रिका खताचा डोस ठरवायला उपयोगी आहे, आजाराचे मूळ शोधायला नाही. पत्रिकेपलीकडचा प्रश्न विचारतो तो बहुधा एम.एस्सी. किंवा पीएच.डी.चा एखादा विद्यार्थी. उन्हात शेतोशेत फिरून तो दोन-तीन खोलींवरची माती पिशवीत भरतो, वाळवतो, चाळतो आणि प्रयोगशाळेत नेतो. साध्या तपासण्या विद्यापीठात होतात. पण सेलेनियमसारखे घटक अत्यल्प प्रमाणात मोजायला महागडे यंत्र लागते आणि दर नमुन्याला पैसे पडतात. मग शंभर गावांऐवजी दहा गावांवर प्रबंध आटोपतो. पदवी मिळते आणि विद्यार्थी स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जातो.

अशा विद्यार्थ्यांसाठी काहीच नाही असे नाही. भारतीय कृषी संशोधन परिषदेची पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठीची शिष्यवृत्ती राष्ट्रीय परीक्षेतून मिळते. केंद्र सरकारची इन्स्पायर फेलोशिप आहे. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था पीएच.डी. करणाऱ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. १९३४ साली स्थापन झालेली भारतीय मृदविज्ञान संस्था उत्तम एम.एस्सी. प्रबंधाला विभागवार पुरस्कार देते, डॉक्टरेट संशोधनाच्या सादरीकरणाला आणि तरुण शास्त्रज्ञालाही गौरवते. उत्कृष्ट पीएच.डी. प्रबंधांना कृषी संशोधन परिषदेने जवाहरलाल नेहरू पुरस्कार दिले आहेत. त्यांची माहिती अनेक मुलांपर्यंत वेळेवर पोहोचत नाही. मार्गदर्शकाने तारीख सांगितली तर अर्ज जातो, नाही तर वर्ष निघून जाते.

पुरस्काराची रक्कम बहुधा मोठी नसते. तरी तो मोलाचा असतो. खेड्यातून आलेल्या मुलाचे काम परगावच्या जाणकारांनी वाचले, शंका विचारल्या आणि चांगले म्हटले, तर तो या विषयात टिकतो. डॉ. बावस्करांचेच उदाहरण घ्या. भोकरदन तालुक्यातील देहेड गावचा हा मुलगा १९७६ साली महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून रुजू झाला. विंचूदंशाने माणसे मरत होती. त्यांनी रुग्णांच्या खाटेशेजारी बसून नोंदी ठेवल्या, त्या ‘लॅन्सेट’ने छापल्या आणि प्राझोसिनच्या वापराने मृत्यू कमी झाले. जिथे दुखणे आहे तिथेच राहणारा तरुण अभ्यासक काय करू शकतो, ते यातून दिसते. मातीतही असे तरुण हवेत.

साधने आपल्याकडे आहेत. अकोल्यात १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. नागपुरात राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरो आहे. २०२४ मध्ये बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. या संस्थांनी मिळून खारपाणपट्ट्यासाठी वर्षाला चार-पाच प्रबंध ठरवावेत. जिल्हा नियोजनातून नमुन्यांच्या तपासणीचा खर्च उचलावा, डॉक्टरांच्या संघटनांनी उत्तम प्रबंधाला एक बक्षीस ठेवावे. एकाच गावात एकाच दिवशी वैद्यकीय विद्यार्थ्याने रक्त आणि मृदशास्त्राच्या विद्यार्थ्याने माती, पाणी आणि धान्य घ्यावे. दोन अहवाल शेजारी ठेवले की पुष्कळ उलगडेल.

तोवर गावकऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. पाणी उकळल्याने जंतू मरतात, क्षार, नायट्रेट किंवा सेलेनियम जात नाही. केस अचानक गळू लागले, नखे तुटू लागली, पायांवर सूज आली तर घरगुती उपाय करत न बसता सरकारी दवाखान्यात दाखवावे. आणि कृषी महाविद्यालयाचा एखादा पोरगा बांधावर पिशवी घेऊन आला, तर त्याला चहा पाजावा आणि माती घेऊ द्यावी. त्याच्या पिशवीत कदाचित आपल्याच घरातील आजाराचे उत्तर असेल.