घरी मूल सांभाळणाऱ्या कामगाराचा विमा

घरी मूल सांभाळणाऱ्या कामगाराचा विमा म्हणजे लहान मुलाच्या देखभालीसाठी घरी नेमलेल्या व्यक्तीला अपघात, अपंगत्व वा मृत्यू आल्यास आर्थिक आधार देणारी तरतूद होय. भारतात यासाठी स्वतंत्र सक्तीची योजना नाही. निरनिराळ्या कायद्यांतून व ऐच्छिक योजनांतून हे संरक्षण जुळवावे लागते.

कायदेशीर स्थिती

कर्मचारी राज्य विमा योजना कारखाने व आस्थापनांसाठी असल्याने खाजगी घराला लागू होत नाही. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत यांत्रिक वाहनावर काम करणारे येत. त्यामुळे एकाच घरातील मोटारचालकाला भरपाईचा हक्क होता, मूल सांभाळणाऱ्या बाईला नव्हता. या भेदाचे समर्थन करणे कठीण आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घरकामगारांना असंघटित कामगारांत गणले आहे.

महाराष्ट्रात २००८ च्या घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियमानुसार १८ ते ६० वर्षे वयाच्या घरकामगारांची नोंदणी होते. अपघातात तातडीचे साहाय्य, प्रसूतिलाभ व अंत्यविधीचा खर्च अशा तरतुदी त्यात आहेत. हे अनुदान आहे, विमा नव्हे. अर्जासोबत घरमालकाचा दाखला लागतो, आणि तो लेखी देण्यास पुष्कळ घरे कचरतात.

सिंधुदुर्गातील अपघात आणि विमा

मालवण किनाऱ्यावरील घरांत मागील दारची विहीर, पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या चिऱ्यांच्या पायऱ्या आणि परसातील साप हे नित्याचे धोके आहेत. मूल कडेवर घेऊन वावरणाऱ्या बाईला ते अधिकच जाणवतात.

२०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षे वयाच्या बँक खातेदाराला वार्षिक २० रुपयांत अपघाती मृत्यू वा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाख व कायमच्या अंशतः अपंगत्वासाठी १ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो. खात्यात शिल्लक नसल्यास विमा खंडित होतो. बुडून मृत्यू झाल्यास पोलिसांत नोंद लागते. सर्पदंश वा झाडावरून पडणे यांसाठी तत्काळ केलेली रुग्णालयीन नोंद पुरावा ठरते. आधी गावठी उपचार करून उशिरा रुग्णालय गाठले, तर जिवाबरोबर दावाही धोक्यात येतो.

परंतु पाय घसरून हात मोडला, तर ही योजना काहीच देत नाही. उपचारखर्च व बुडालेली मजुरी तिच्या कक्षेबाहेर आहेत. नेहमी घडणारा अपघात हाच असल्याने ही उणीव सर्वांत मोठी म्हणावी लागेल. ती भरण्यासाठी तात्पुरत्या अपंगत्वात साप्ताहिक रक्कम देणारी वैयक्तिक अपघात पॉलिसी घरमालक बाईच्या नावे घेऊ शकतो.

घराचा विमा येथे उपयोगी पडेलच असे नाही. २०२१ पासूनच्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीतील ऐच्छिक अपघातसंरक्षण विमाधारक व त्याच्या जोडीदारापुरते आहे. काही कंपन्यांच्या एकत्रित गृहविम्यात नोकरांच्या भरपाईचा स्वतंत्र विभाग असतो; तो मागून घ्यावा लागतो. घरात पर्यटकांसाठी न्याहारी-निवास चालत असल्यास तसे कंपनीला आधीच कळवणे आवश्यक असते. सांभाळातील मुलाला इजा झाल्यास त्याचा खर्च कुटुंबाच्या आरोग्यविम्यातूनच भागवावा लागतो.

वाडीतील लहान मुलगी तान्ह्याला खेळवायला ठेवण्याची चाल कोकणात जुनी आहे. १४ वर्षांखालील मुलीला असे कामावर ठेवणे गुन्हा असून, १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत तिला कल्याण मंडळाची नोंदणी वा सुरक्षा विमा योजना यांपैकी काहीच मिळत नाही.